मोडलं म्हणून पडली

शिट्टीबाई पडल्याचा फोन आला तेव्हा हाडवाली हसली. हो, चक्क हसली! पोटची पोर, आणि आई पडली म्हणून हसते म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. पण तिला खरंच काळजी वाटली नाही, त्याला ती तरी काय करणार? त्या आईची हाडं तिने स्वतः तपासली होती, स्वतःच्या मशीनवर. अशी बाई पडली तर फार तर कोपर खरचटेल, नाहीतर फरशीला तडा जाईल.

"बर्फ लावा आणि खुर्चीत बसवून ठेवा तिला," ती फोनवर म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत येतेच मी."

"अगं, बसवू कुठली!" पलीकडून व्यायामाच्या वर्गातली एक बाई रडकुंडीला आली होती. "पाय भलतीकडेच वळलाय त्यांचा. आणि पडल्या म्हणून मोडला नाही गं, मोडला म्हणून पडल्या. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. कट्कन आवाज झाला आणि मग त्या खाली गेल्या."

समोर गादीवर तपासणीसाठी आडवे झालेले आजोबा "काय झालं हो?" विचारत होते, पण हाडवालीला ते ऐकूच गेलं नाही.

आता ही शिट्टीबाई कोण आणि हाडवाली कोण, ते आधी सांगून टाकू. आई जन्मभर शाळेत खेळाची बाई होती. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरांनी नाव ठेवलं शिट्टीबाई, आणि ते इतकं चिकटलं की निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांच्या तोंडूनही तेच निघालं. शाळा सुटली म्हणून घरी बसेल तर ती शिट्टीबाई कसली! तिने एक हॉल मिळवला आणि रोज सकाळी वयस्कर बायकांचा व्यायामाचा वर्ग सुरू केला. बायका कुरकुरत यायच्या आणि खिदळत परत जायच्या.

थोरली लेक मोठ्या हॉस्पिटलात हाडांची घनता मोजायचं मशीन चालवायची. माणूस गादीवर आडवा झाला की वरून एक दांडा हळूहळू सरकत जातो आणि हाडात खनिज किती भरलंय, म्हणजे आपलं कॅल्शियम वगैरे, ते पडद्यावर उमटतं. हिरवा पट्टा आला की बरं, पिवळा आला की जपा, लाल आला की गोळ्या सुरू. सगळं हॉस्पिटल तिला हाडवाली म्हणायचं, आणि खरं तर तिला ते आवडायचं. हिरवा पट्टा आला की ती टेबलावर बोटाची पेरं टकटक वाजवायची आणि म्हणायची, "कडक!" त्या एका शब्दावर म्हातारी माणसं तरंगत घरी जायची.

काही महिन्यांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने घरात धोशा लावला होता की आईने वर्ग बंद करावा. "साखर आहे तिला, ती काय आजकालची आहे का? वय बघ, उड्या बघ. पडली म्हणजे?" आई भडकली. "वर्ग बंद करायचा तर मला एकदाच काय ते कोंडून घाला," असं म्हणून तिने ताट बाजूला सारलं. मग हाडवालीने ठरवलं, भांडत कशाला बसायचं? मशीन आहे की! आईला घेऊन गेली, गादीवर झोपवलं, दांडा फिरवला. पट्टा हिरवागार! नुसता हिरवा नाही, हाडवालीच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा वर.

"आई, तुझी हाडं माझ्यापेक्षा तरणी आहेत गं! कडक!"

धाकटा एवढंच म्हणाला होता, "मशीनला सगळं कळतं का पण, ताई?" त्यावर ती फणकारली होती, "मला माझं काम शिकवू नकोस." आईने दुसऱ्याच दिवशी वर्गात नवे व्यायाम घुसवले, शिवाय साऱ्या बायकांना एकेक करून लेकीच्या मशीनवर धाडलं. त्यातल्या कित्येकजणी आईसारख्याच साखरवाल्या, आणि बहुतेकजणींना कडक मिळालं. तिथून पुढे वर्गात तो शब्द सलामासारखा चालायला लागला. "कडक?" "कडक!"

आणि आता ही कडक बाई स्ट्रेचरवरून त्याच हॉस्पिटलात आली होती. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. लेकीला बघून ती एवढंच म्हणाली, "अगं, मी काहीच केलं नाही. नुसती एका पायावर उभी राहून दाखवत होते."

सर्जनने एक्सरे प्रकाशात धरला आणि त्याची बडबडच थांबली. एरवी हा माणूस ऑपरेशनच्या खोलीतही कोट्या करणारा. मांडीचं हाड मधोमध आडवं तुटलं होतं, फळ्यावर लिहिताना खडू मोडतो तसं. वेडंवाकडं नाही, फाटलेलं नाही, सरळ आडवं.

"उंचावरून पडल्या का?" त्याने विचारलं.

"नाही."

"गाडीने उडवलं?"

"नाही हो, डॉक्टर. उभी होती."

"उभ्या होत्या," तो स्वतःशीच पुटपुटला. "असं हाड मोडायला एरवी मोटारसायकल लागते."

तेवढ्यात धाकटा धापा टाकत आला. त्याने एक्सरे पाहिला, बहिणीकडे पाहिलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "कडक ना, ताई?" हाडवालीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

हाडात लांब सळई घालून ऑपरेशन झालं. आई शुद्धीवर आली, तिने पाणी मागितलं, नर्सला "पाठ सरळ ठेव, पोरी" असं सुनावलंसुद्धा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हाडवालीचा मात्र पडेना. ती सर्जनच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच तिने विचारलं, "घनता उत्तम होती, डॉक्टर. माझं मशीन चुकलं का?"

"मशीन नाही चुकलं," सर्जन म्हणाला. "मला ते तिथे आतच कळलं. ड्रिल लावलं, तर हाड भिंतीसारखं लागलं. मऊ नाही, पोकळ नाही, भरलेलं. आणि भोक पडता पडता कडेचा टवका उडाला. काचेचा उडतो तसा."

तो उठला आणि कपाटातून दोन बरण्या काढून टेबलावर ठेवल्या. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला ठेवलेली कोंबडीच्या तंगडीची हाडं होती ती. एक कित्येक दिवस आम्लात बुडवून ठेवलेलं. त्याने ते बाहेर काढलं आणि सरळ त्याची गाठ मारली. हाडाची गाठ! रबरासारखं वळलं ते.

"यातलं खनिज सगळं विरघळलं. उरलं ते आतलं जाळं, प्रथिनांच्या दोऱ्यांचं. हाड चिवट असतं ते या दोऱ्यांमुळे. लहान मुलांच्या हाडात हे दोरे ताजे असतात, म्हणून पोरं धपाधप पडतात आणि हाड ओल्या फांदीसारखं वाकतं, पुरतं तुटत नाही. वय वाढतं तसे दोरे जुने होतात, ताठ होतात, आणि त्यांच्या मानाने खनिजाचा भरणा वाढत जातो. त्यात रक्तात वर्षानुवर्षं साखर असली, तर ती या दोऱ्यांना चिकटून बसते. मग ते लवायचे थांबतात. बारीक बारीक तडे जातात आणि जुनं हाड ते वेळेवर भरून काढत नाही. मांडी नाहीतर जांघ दुखायला लागते, आणि एक दिवस हाड मोडतं."

"आणि दुसरं?"

दुसरं हाड भट्टीत जाळलेलं होतं. जाळ्याचा मागमूस नाही, नुसतं खनिज. पांढरंशुभ्र, आकार जसाच्या तसा, बघायला इतकं देखणं की कुणी शोभेला ठेवावं. सर्जनने त्याचं टोक चिमटीत धरून जरासं दाबलं. टोकाचा भुगा झाला.

हाडवाली त्या भुग्याकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात एक विचार आला. "डॉक्टर, ही दोन्ही मला द्याल?" तिने विचारलं. सर्जनने काही न विचारता बरण्या पुढे सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट यायच्या आधी तिने मशीन चालू केलं. नुसतं हाड त्या मशीनला नीट दिसत नाही, भोवती मांसासारखं काहीतरी लागतं. त्यासाठी या कामातली माणसं तांदळाची पिशवी वापरतात. तिने आधी ते मऊ, गाठ मारलेलं हाड तांदळात पुरलं आणि दांडा फिरवला. पडद्यावर काय आलं? तांदूळ! नुसता तांदूळ. हाड म्हणून काही नाहीच. जे कुणी मोडायचं म्हटलं तरी मोडणार नाही, ज्याची चक्क गाठ मारता येते, ते हाड तिच्या मशीनच्या लेखी जगात नव्हतंच.

मग तिने जळकं हाड पुरलं. दांडा सरकत गेला आणि पडद्यावर ते उमटलं, ठसठशीत, उजळ, काठ न् काठ दिसतोय. आकडा असा, की अख्ख्या ताज्या हाडाला शोभेल. तिची बोटं सवयीने टेबलाकडे गेली, पेरं वाजवायला. टेबलाला टेकायच्या आत ती थिजली. मग पिशवीत हात घालून तिने हाड बाहेर काढायला धरलं, तर हाताला हाड लागेचना. तांदळात पांढरी भुकटी, बोटांच्या पेरांवर पांढरी भुकटी. आणि पडद्यावर अजून तो झळझळीत आकडा!

इतकी वर्षं! किती माणसं या गादीवर आडवी झाली असतील, किती जणांना तिने टकटक करून सांगितलं असेल! मशीनने कधीच म्हटलं नव्हतं की हाड मजबूत आहे. मशीन खनिज किती ते सांगत होतं, बिचारं इमानदारीने. पुढचं सगळं तिच्या तोंडून निघालं होतं. कडक म्हणजे मजबूत, असं तिला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. बोलताना आपण म्हणतो, म्हणून तीही म्हणाली. खडूसुद्धा कडकच असतो की!

दारावर टकटक झाली. पहिली पेशंट, जाडजूड हसतमुख बाई, नेहमीची. तपासणी झाली, पट्टा हिरवा आला. "काय हो ताई, कडक ना?" तिने उठता उठता विचारलं.

"खनिज चांगलं आहे," हाडवाली कसंबसं म्हणाली. "तुम्हाला साखर आहे का? मांडीत, जांघेत कुठे दुखतं का?"

"अगंबाई! हे कधी विचारलं नव्हतंत तुम्ही," बाई म्हणाली. "नाही बाई, काही दुखत नाही."

बाई गेली आणि हाडवाली तिथेच खिळली. खरंच की. कधीच विचारलं नव्हतं. कुणालाच नाही. आईलासुद्धा नाही.

ती उठली आणि धावतच निघाली. लिफ्टची वाट न बघता जिने चढून वॉर्डात पोचली, तर तिथे हा गोतावळा! वर्गातल्या सगळ्या बायका भिंतीला टेकून उभ्या, नर्स त्यांना हाकलून थकलेली. आज आईला पहिल्यांदा उभं करायचं होतं ना. आई पलंगाच्या कडेला बसली होती, केस विंचरलेले, मान ताठ. समोर वॉकर. एका बाजूने धाकट्याने दंड धरलेला, दुसऱ्या बाजूने फिजिओ पोरगी सांगत होती, "घाबरायचं नाही, आजी. ऑपरेशनच्या पायावर अगदी थोडा भार. सगळं वजन या चांगल्या पायावर घ्यायचं. तीन म्हटलं की उठायचं."

"मला शिकवतेस?" आई म्हणाली. बायका हसल्या.

"एक..."

"आई!" हाडवाली दारातूनच म्हणाली. "मोडायच्या आधी तुझी मांडी दुखत होती का?"

"आता काय त्याचं?"

"दुखत होती का, सांग."

"दुखत होती," आई वैतागून म्हणाली. "बरेच दिवस. जिना चढताना तर जीव जायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू कडक म्हणाली होतीस. हाड चांगलं, मग दुखतं कशाला? म्हटलं मीच नाटकं करतेय. शाळेत पोरं पोट दुखतं म्हणाली की मी त्यांना एक फेरी जास्त मारायला लावायचे. तसंच केलं, स्वतःला एक व्यायाम जास्त."

हाडवालीला रडू फुटलं असतं, पण रडायला वेळ नव्हता. ती पुढे झाली आणि तिने आईच्या दुसऱ्या मांडीवर, त्या चांगल्या म्हणवणाऱ्या पायावर, हात ठेवला. "आणि ही?"

आईने तो हात बाजूला सारला.

"दोन..." फिजिओ पोरीचं लक्ष वॉकरकडे होतं. आईने तळवे दांड्यांवर रोवले.

"आई, ही पण दुखते का?"

"हो गं बाई, दुखते! तीच जास्त दुखते! आता उठू दे मला!"

"थांबा!" हाडवाली किंचाळली. तिने वॉकर इतक्या जोरात मागे खेचला की तो पलीकडच्या पलंगावर आदळला. धाकटा दचकला, पण त्याने आईचा दंड सोडला नाही. उलट दोन्ही खांदे धरून तिला मागे गादीवर टेकवलं. त्याने या वेळी बहिणीला एक शब्द विचारला नाही.

मग आईचा जो भडका उडाला, विचारू नका. सगळ्या वर्गादेखत शोभा केलीस, मला पांगळी करून ठेवणार आहेस, मशीन चालवतेस म्हणून डॉक्टर झालीस का. हाडवालीने सगळं ऐकून घेतलं आणि सर्जनला बोलावलं. चाकांचं एक्सरे मशीन पलंगाशी आलं. चित्र आलं तेव्हा सर्जनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. हाडाच्या बाहेरच्या कडेपासून एक काळी रेघ आत शिरली होती, पार अर्ध्यापर्यंत.

"आज उभं केलं असतं तर..." तो म्हणाला आणि त्याने वाक्य सोडून दिलं. फिजिओ पोरगी मटकन स्टुलावर बसली, तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला. "हाही पाय?" त्याने विचारलं.

"यातही सळई घालू, मोडायच्या आत. मग चालतील," सर्जन म्हणाला. "वेळेवर कळलं."

आईने ती रेघ पाहिली. तिचा राग कुठल्या कुठे गेला, आणि जे चेहऱ्यावर आलं ते हाडवालीने आजवर कधी पाहिलं नव्हतं. आई भ्यालेली होती.

"म्हणजे पाय खरं सांगत होता मला," ती हळूच म्हणाली. "आणि मी त्याला दटावत बसले. तुझ्या एका शब्दावर."

"आई, मला—"

"थांब जरा." आईची नजर लेकीवरून सरकून भिंतीकडे गेली, तिथे उभ्या असलेल्या बायकांकडे. कुणी एकमेकींकडे बघत नव्हतं. आईने लेकीचं मनगट धरलं, आणि तिचे डोळे मोठे होत गेले. "अगं... या सगळ्यांना मीच पाठवलं होतं तुझ्याकडे."

हाडवालीने पलंगाची दांडी धरली.

"ऐका गं," आई शाळेतल्या आवाजात म्हणाली, पण आवाज कापत होता. "कुणाकुणाची मांडी दुखते? जांघ दुखते? खरं सांगायचं. हात वर करा."

मग कोपऱ्यातल्या एकीने, ती फोनवर रडणारी बाई होती ती, भीत भीत हात खांद्यापर्यंत उचलला. "थोडी दुखते, बाई," ती म्हणाली. "पण मला तर कडक सांगितलं होतं ना?" तिच्या शेजारणीने तिच्याकडे पाहिलं आणि तिचाही हात वर गेला. मग पलीकडच्या एकीचा. मग आणखी एक.

धाकट्याने घाईघाईने खुर्च्या ओढायला सुरुवात केली. हाडवालीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

"बसा," आई म्हणाली. जिने या बायकांना वर्षानुवर्षं उठवलं, पळवलं, एका पायावर उभं केलं, ती म्हणाली. "हात वर केलेल्यांनी जिथे आहात तिथेच खाली बसा. हळू. एकमेकींना धरून. आणि एक्सरे होईपर्यंत एकीनेही उठायचं नाही."

बायका एकमेकींचे हात धरून, भिंतीला पाठ लावून, हळूहळू खाली बसल्या.